ऋणनिर्देशातली नावं

संशोधन पद्धती हा विषय मी पुष्कळ वर्षं शिकवला. त्यातला गोपनीयतेचा भाग आला की मी वर्गाला एक किस्सा सांगायचो. आपल्याच विभागातली एक मुलगी होती, हुशार, पण निष्काळजी. तिनं लघुप्रबंधात माहिती देणाऱ्यांची नावं झाकली, प्रत्येकाला 'उत्तरदाता' म्हणून क्रमांक दिला, आणि सुरुवातीच्या पानावर त्याच माणसांचे नावागावासकट आभार मानले. मुलं खो खो हसायची. मीही हसायचो आणि फळ्याकडे वळायचो.

किस्सा घडला होता हे खरं. निष्काळजी ती नव्हती. ती नावं मी लिहायला लावली होती.

आता मी म्हातारा झालो आहे, नळदुर्गात राहतो, हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज ऐकत दुपारी पडून असतो. हे लिहिताना गावाचं नाव देत नाही, माणसांची देत नाही, आणि काही खुणा मुद्दाम बदलतो आहे. बाकी जे घडलं ते तसंच आहे.

मी लोकप्रशासन शिकवायचो. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध असायचा. बहुतेक मुलं डीटीपीच्या दुकानात जुना प्रबंध शोधायची आणि तालुका बदलून नवा करायची. 'ग्रामपंचायतीचे कार्य: एक अभ्यास' हा विषय इतक्या जणांनी केला होता, की त्या दुकानदारानं एकदा मलाच सांगितलं, "सर, आता मला तोंडपाठ हाय." त्याचा मला राग यायचा. विषय आपल्या शिवारातला पाहिजे, हा माझा हट्ट. येडशीच्या अभयारण्याभोवतीच्या मेंढपाळांना चराईचे नियम कसे कळतात, अणदूरच्या यात्रेनंतर कचरा कुणी उचलायचा हे कोण ठरवतं, टँकर कोणत्या वस्तीवर आधी जातो आणि का, असले विषय मी मुलांना द्यायचो. आजूबाजूच्या महाविद्यालयांत माझं नाव त्यामुळंच होतं.

ही मुलगी मात्र विषय घेऊनच आली. शेतकरी घरातली, एसटीनं येऊन-जाऊन शिकणारी. कायदा असा आहे, की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ठरावीक अंतरात परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. तिच्या आजोळजवळच्या एका गावात ती विहीर दर उन्हाळ्यात कोरडी पडायची आणि तिच्या अवतीभोवती खोल बोअर चालू असायचे.

"सर, नियम आहे, अधिकारी आहे, पंचनामाही झालेला आहे," ती म्हणाली. "मग विहीर कोरडी का? मला एवढंच लिहायचंय."

मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. ते बोअर कुणाचे हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. मोठी द्राक्षबाग, दारात दोन-तीन गाड्या, आमच्या महाविद्यालयाच्या कार्यक्रमांना पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची. गावात त्याला सगळे 'मालक' म्हणत. मीही त्याला वाकून नमस्कार करायचो. पण विषय नको म्हणालो असतो तर माझ्या हट्टाचं काय? मी सही केली.

ती उन्हाळाभर त्या गावात गेली. टँकरपाशी बायकांत बसली, पारावर बसली, ग्रामपंचायतीत कागद मागत राहिली. खरी माहिती तिला एकाच माणसानं दिली. तो मालकांच्या भावकीतला. घर भिंतीला भिंत लागून, जमीन थोडी, तीही बागेच्या पलीकडं. कोणता बोअर कागदावर कुठं दाखवला आणि प्रत्यक्षात कुठं मारला, हे त्यानं तिला गोठ्यात उभं राहून सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "ताई, म्या सांगितलं म्हणू नका. माझ्या रानाची वाट त्यांच्या बांधावरनं हाय."

हे तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं. हे मी आधी नीट लिहून ठेवतो, कारण पुढं मी असं वागलो जणू मला काही माहीतच नव्हतं.

प्रबंध चांगला झाला. चौथ्या प्रकरणात त्या माणसाचं सांगणं होतं. नाव नव्हतं, पण 'बोअरधारकाच्या भावकीतील अल्पभूधारक शेतकरी' एवढं होतं. तेवढं लागतच होतं, नाहीतर त्याच्या सांगण्याला वजन काय?

शेवटी ऋणनिर्देश लिहायचा राहिला. आमच्या विभागात ऋणनिर्देश ही माझी खास गोष्ट. इतर मार्गदर्शक त्यात प्राचार्यांचं, संस्थाचालकांचं, आणि स्वतःचं नाव पाहायचे. मी म्हणायचो, ज्यानं उन्हात तांब्याभर पाणी दिलं त्याचंही नाव पाहिजे, त्याच्या गावासकट. पाटीवर लिहिलेलं पुसतं, छापलेलं राहतं. त्या गावातल्या माणसाचं नाव छापलेल्या पुस्तकात दुसरं कोण घालणार? यात माझा मोठेपणा होताच, पण प्रेमही होतं, असं मला तेव्हा वाटायचं.

तिनं लिहिलं होतं, 'माहिती देणाऱ्या सर्व ग्रामस्थांची मी ऋणी आहे.' मी लाल पेनानं त्यावर गोल केला.

"हे कसलं? नावं कुठं आहेत?"

"सर, सगळ्यांची घालायची?"

"सगळ्यांची. माणसानं उपकार विसरू नये."

ती थोडा वेळ उभी राहिली. तिला काही म्हणायचं होतं, हे मला दिसलं. पण बाहेर दुसरी मुलं थांबली होती, आणि एवढ्या वर्षांत मुलांना माझ्यासमोर फार बोलायची सवय मी लावली नव्हती. "बरं सर," म्हणाली. नावं आली. त्या गावची पाच-सहा माणसं, आणि त्यांत मालकांच्या भावकीतला एकच.

दुसरी माझी प्रथा अशी, की ज्या गावाचा अभ्यास झाला त्या गावाला एक प्रत द्यायची. संशोधन कपाटात पडू नये. तिनं ती ग्रामपंचायतीत नेऊन दिली, नारळासकट.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक मनमिळाऊ होते. त्यांनी काम वाखाणलं. मग पानं उलटत मागं गेले, पुढं आले, आणि हसले.

"बाई, चौथ्या प्रकरणात हा भावकीतला शेतकरी गुप्त ठेवलाय ना तुम्ही?"

"हो सर."

"मग ऋणनिर्देशात बोअरवाल्यांच्याच आडनावाचा हा एक गृहस्थ आहे, तो कोण?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तक्रार नव्हती त्या नजरेत, वाट पाहणं होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. पण परीक्षक हसत होते, माझ्या नावाची विभागातली इज्जत माझ्यासमोर टेबलावर पडली होती, आणि मी म्हणालो, "अगं, हे कसं राहिलं?"

ती खाली पाहून म्हणाली, "चुकलं सर."

परीक्षक म्हणाले, "असू द्या, प्रत कपाटातच राहणार आहे." आणि जेवायला उठले. प्रत कपाटात नव्हती. प्रत त्या गावात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एसटीनं निघालो. फाट्यावरून आत चालत गेलो. वाटेत ती फक्त एकदा बोलली. "सर, सापडंल ना कपाटात?" मी सापडेल म्हणालो.

ग्रामपंचायतीला कुलूप होतं. समोर पारावर मालक बसले होते, आणि प्रत त्यांच्या मांडीवर होती.

"या, या सर! पोरी, ये की. अरे, चहा सांगा रे कुणीतरी. तुमचंच पुस्तक चाळतोय."

मी बसलो.

"वाचलंत का मालक?"

"कुठलं वाचतो? आत लई बारीक अक्षर हाय. पुढची पानं वाचली." त्यांनी बोट ठेवलं ते ऋणनिर्देशाच्या पानावर. "आख्ख्या गावानं हे एकच पान वाचलंय. जो येतो तो आपलं नाव हुडकतो. आमच्या भावकीतल्या एकाचं हाय की! आमचं न्हाय. त्यानं काय असं सांगितलं म्हणायचं, की त्याचं नाव छापलं?"

ते हसत होते. पारावरचे बाकीचेही हसले. तीच म्हणाली, "आबा, मला भोवळ आली होती उन्हात. त्यांच्या घरी बसवलं, पाणी दिलं."

"व्हय? पाणी दिलं?" मालकांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "त्याच्या घरात पाणी असतंय व्हय? सकाळी तर घागर घेऊन आमच्या दारात असतो."

पुन्हा हसणं. त्याच वेळी तो माणूस स्वतः समोरच्या बोळातून येताना दिसला. खांद्यावर वैरणीचा भारा. आम्हाला त्यानं पाहिलं, मालकांच्या मांडीवर उघडलेलं पुस्तक पाहिलं, आणि तो थांबलाच नाही. मान खाली घालून तसाच गेला. फक्त त्याची पावलं जरा जलद पडली. त्या पावलांची मला आजही भीती वाटते.

"मालक, प्रत जरा परत द्या," मी म्हणालो. "चुका राहिल्यात. तुमचंच नाव राहिलंय. पोरीच्या नजरेतून सुटलं. नवी करून पाठवतो."

दुसऱ्यांदा तिच्यावर ढकललं. हे मी विचार करून केलं नाही, ते आपोआप तोंडातून निघालं. भ्यालेला माणूस हाताशी असेल ते पुढं करतो.

"आमचं नाव कशाला?" ते म्हणाले, पण खूश झाले. "बरं, घाला. घेऊन जा."

प्रत हातात आली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. फाट्यावर एसटीची वाट पाहताना ती म्हणाली, "सर, एक बोलू? त्या काकांचं नाव ऋणनिर्देशात तसंच राहू द्या. आतलं वर्णन बदलू या. भावकीतला हा शब्द काढू. नाव काढलं तर का काढलं म्हणतील."

तिचं बरोबर होतं, हे मला आज दिसतं. तेव्हा मला एवढंच हवं होतं, की ते नाव त्या पानावर पुन्हा कुणाला दिसू नये. "नाही," मी म्हणालो. "नाव काढ. सगळ्यात आधी ते काढ." आतलं वर्णन मी बदलू दिलं नाही, कारण परीक्षकांनी वाचलेला मजकूर बदलणं नियमाला धरून नव्हतं. केवढा नियमाचा माणूस मी!

नवी प्रत गेली. पावसाळ्याच्या तोंडावर महाविद्यालयात कुठलासा सत्कार होता. चहाच्या वेळी मालक गर्दीतून माझ्यापाशी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "सर, नवं पुस्तक मिळालं. आमचं नाव घातलं, त्याचं काढलं. मग मला आतलं बारीक अक्षर वाचावं लागलं."

हात काढून ते हसत दुसऱ्याकडं वळले. बशीतला चहा माझ्या शर्टावर सांडला होता.

त्या माणसाला कुणी मारलं नाही. शिवीही दिली नाही. जेसीबी आला, बांधावरची वाट उकरली गेली आणि तिच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या येऊन पडल्या. सोयाबीन रानात उभं होतं, बाहेर काढायला वाट नव्हती. त्याची बायको डोक्यावर ओझी घेऊन ओढ्यातून यायची. माझी विद्यार्थिनी त्याच्याबरोबर तहसीलला खेटे घालत राहिली. एकदा ती माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"सर, तुम्ही मालकांकडं याल का? नावं तुम्ही घालायला सांगितली, त्या काकांनी काही छापा म्हटलं नव्हतं, एवढंच सांगा. तुमचं ते ऐकतील."

"बघू," मी म्हणालो.

मी गेलो नाही. रोज सकाळी उठून आज जाऊ म्हणायचो, आणि खांद्यावरचा तो हात आठवायचा. मला काय होणार होतं? फार तर पहिल्या रांगेतला नमस्कार बंद झाला असता. पण भीतीला असं वजन करून विचारता येत नाही. वर्ष सरायच्या आत त्या माणसानं रान भावाकडं सोपवलं आणि बायकोला घेऊन सोलापूरला वॉचमनकीला गेला.

त्यानंतरच मी वर्गात तो किस्सा सांगू लागलो. का, हे मी स्वतःला फार वर्षं विचारलं नाही. तिची चूक म्हणून तो जितक्या वेळा सांगितला, तितकी ती तिची होत गेली. पुढंपुढं मलाही ती तिचीच वाटायची.

ती आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. तब्येत विचारली, मग म्हणाली, "सर, आज वर्गात गोपनीयता शिकवत होते. तुमच्याकडून शिकून गेलेल्या कुणाचा तरी भाऊ आहे माझ्या वर्गात. त्यानं मला माझीच गोष्ट सांगितली. सगळा वर्ग हसला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझं जाऊ द्या हो," ती म्हणाली. "मी शिक्षिका आहे, सहन होतं. सोलापूरला त्या काकांना तरी एकदा भेटा. मी पत्ता देते."

त्या पत्त्यावर जायला मला फार दिवस लागले. सोलापूरला एका इमारतीच्या फाटकाशेजारी पत्र्याची खोली. तो खुर्ची टाकून बसला होता, अंगात निळा गणवेश, केस सगळे पांढरे. मला ओळखलं तसा उठला, पण नमस्कार केला नाही. माझ्या मागं रस्त्यावर पाहिलं.

"सोबत कोण हाय?"

"कुणी नाही."

"कुणाला सांगून आलाव?"

"नाही."

"आत या, आत." त्यानं दंडाला धरून मला खोलीत घेतलं आणि दार लोटलं. त्याची बायको स्टोव्हपाशी होती. तिनं पदर सावरला आणि न विचारता चहा ठेवला.

मी सगळं सांगितलं. लाल पेनाचा गोल, पारावरचं बोलणं, नवी प्रत. तो खाली पाहत ऐकत होता.

"ताई दर साली येती," तो शेवटी म्हणाला. "साखरेचा पुडा घेऊन. तुमचं नाव तिनं एकदा बी काढलं न्हाय. म्या समजलो व्हतो, तिचंच चुकलं आसंल. लेकरू हाय, चुकतंय, म्हणून सोडून दिलं."

"तिचं नव्हतं. माझं होतं. मी तुमच्या गावात येऊन पारावर सांगतो. मालक गेले, पण त्यांची मुलं आहेत. त्यांच्या तोंडावर सांगतो."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्याला बरं वाटेल. त्यानं हात जोडले. पण ते जोडलेले हात माझ्या पायांकडं आले, आणि मी घाबरून मागं सरकलो.

"नका सर. तेवढं नका करू. औंदाच्या दसऱ्याला भावाला वाट मिळालीया. मालकांच्या थोरल्या पोरानं स्वतः फांद्या काढल्या. टॅक्टर जातोय आता. कुणी जुनं उकरलं की झालं मग. तुमचं मन हलकं व्हईल, आन् माझ्या भावाची वाट जाईल."

त्याच्या बायकोनं चहा दिला. कप ठेवताना तिची नजर दाराच्या फटीवर होती. इतकी वर्षं गेली, माणूस गेला, तरी त्या पत्र्याच्या खोलीत मालक बसलेच होते. मी तिथं माफी मागायला गेलो होतो, आणि माझं तिथं असणं हेच त्या दोघांवरचं नवं संकट होतं.

निघताना त्यानं आधी फाटकाबाहेर पाहून घेतलं. मग म्हणाला, "सर, राग नका धरू. पण परत येऊ नका. फोन बी नको."

म्हणून मी त्या गावात गेलो नाही, जाणारही नाही. पण ती मुलगी निष्काळजी नव्हती, हे तरी माझ्या हातून लिहिलं जावं. ज्यांनी माझ्या वर्गात तो किस्सा ऐकला आणि पुढं सांगितला, त्यांनी हे वाचावं. किस्सा पुन्हा सांगायचा झालाच तर निष्काळजी मार्गदर्शकाचा म्हणून सांगावा.

त्या दिवशी सोलापूरहून परतताना बसमध्ये जागा मिळाली, आणि बस हलल्यावर शेजारच्यानं मला हटकलं.

"सर ना तुमी? वळखलं का? पारावर चहा आणून दिला व्हता तुमाला, लई वर्सं झाली. मालकांचा पुतण्या म्या."



"असं, असं. बरं आहे ना?"

"बरं हाय. सोलापूरला कुणीकडं?"

"डोळे दाखवायला," मी म्हणालो.

"मोतीबिंदू?"

"हो."

"आपरेशन सांगितलं आसंल?"

"सांगितलंय."

"मग एकलेच आलाव? ह्या वयात?" त्यानं माझ्या चष्म्याकडं पाहिलं. "कुठं हाय दवाखाना? माझ्या आईला बी दाखवायचंय."

मी एका चौकाचं नाव घेतलं. तो म्हणाला, त्याच बाजूला आमचा एक भाऊबंद वॉचमन हाय. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणालो, "असेल बाबा. मला आता काही दिसत नाही."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. नळदुर्ग आलं तेव्हा त्यानं माझी पिशवी उचलली, दारापर्यंत हात धरून आला. "जपून सर. पायरी दिसंना ना?"

पायरी मला स्वच्छ दिसत होती. मी हात पुढं करून चाचपडत उतरलो, आणि बस वळून जाईपर्यंत तिथल्याच एका खांबाला धरून, आंधळ्यासारखा उभा राहिलो.